ऑगस्टमध्ये कोल्हापूरला धबधबे बघायला येतोय. नैसर्गिक बघावेत की धरणांचे सांडवे?

तुम्ही लिहिलंय की नाशिकहून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात तीन दिवसांसाठी येताय, सोबत गुडघे दुखणारी आई आणि नऊ वर्षांची मुलगी आहे, आणि "मानवनिर्मित धबधब्यांवर वेळ घालवण्यात अर्थ आहे का" अशी शंका आहे. आधी शंकेचं बघू.

आमच्याकडे हा फरक फारसा चालत नाही. माझं घर कळंब्याच्या बाजूला. शाळेत असताना आमच्यासाठी धबधबा म्हणजे कळंबा तलावाचा सांडवा. तलाव सांडला अशी बातमी वर्गात आली की शेवटच्या दोन तासांना निम्मी बाकं रिकामी. उंची म्हणाल तर काही नाही, पण भिंतीवरून घसरत येणारं ते पाणी पाठीवर घेतलं की आंबोली-बिंबोली कोण विचारतंय! आजही शहरातली माणसं संध्याकाळी कणीस खायला तिकडे जातात.

खरी गंमत राधानगरीला आहे. भोगावतीवरचं हे धरण शाहू महाराजांनी गेल्या शतकाच्या पहिल्या दशकात हाती घेतलं. पैशाअभावी काम मध्येच थांबलं, 1922 मध्ये महाराज गेले आणि धरण पुरं व्हायला स्वातंत्र्यानंतरची वर्षं उजाडली. त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. बटण नाही, मोटर नाही, कुणाच्या हुकमाची वाट बघणं नाही. तलाव भरून पाण्याचा दाब ठरावीक मापाला पोचला की दरवाजा आपोआप उचलला जातो आणि पातळी उतरली की आपोआप बसतो. एका दरवाज्यातून 1428 क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट, पाणी पडतं. "राधानगरीचा सहा नंबर उघडला" ही बातमी आमच्याकडे पाहुणा आल्यासारखी सांगतात, आणि नदीकाठच्या गावात त्याच बातमीनं माणसं गोठ्यातली जनावरं हलवायच्या तयारीला लागतात.

आता याच्या उलट कर्नाटकातलं गोकाक बघा. घटप्रभेवरचा तो धबधबा पूर्ण नैसर्गिक, 52 मीटर उंच, घोड्याच्या नालेसारखा. पण नदीवर वरच्या अंगाला हिडकलचं धरण आणि धुपदाळचा बंधारा. तिथून पाणी सुटलं तर गोकाक गर्जतो, नाही सुटलं तर नुसता काळा कातळ. म्हणजे नैसर्गिक धबधब्याची चावी माणसाच्या हातात, आणि माणसानं बांधलेलं राधानगरी मात्र कुणाला न विचारता उघडतं! त्यामुळे नैसर्गिक की मानवनिर्मित हे बाजूला ठेवा. पाणी तिथं कधी येतं आणि त्या दिवशी रस्ता चालू असतो का, एवढं विचारा.

घाटातले धबधबे जून संपता संपता सुरू होतात. सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाट कातळावर, पडलेला पाऊस तासाभरात कड्यावरून खाली. सांडव्यांना धीर लागतो, कारण आधी धरण भरायला हवं. राधानगरी साधारण जुलैच्या अखेरीला भरतं, कधी मागेपुढे. म्हणून तुमचा ऑगस्टचा दुसरा आठवडा चांगला आहे, दोन्ही चालू सापडण्याची शक्यता बरीच. फक्त उघडीप हवी. धो धो पावसात सगळे धबधबे एकदम भारी असतात हे खरं, पण तेव्हा तुम्ही तिथवर पोचत नाही.

निघायच्या सकाळी पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघा. पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोक्याची 43. मोबाईलवर कुठल्याही स्थानिक बातम्यांत आकडा मिळतो. पस्तिशीच्या आत असेल आणि उतरत असेल तर बिनधास्त. चाळिशीकडे चढत असेल तर गगनबावड्याचा बेत सोडा. त्या रस्त्यावर मांडुकलीजवळ पाणी येतं, बालिंग्याचा पूल बंद करतात. रत्नागिरी रस्ता केर्लीजवळ अडतो, म्हणजे आंबा घाटही गेला. हा राजाराम बंधाराही कसबा बावड्यात जाऊन बघा. पाणी मध्यम असताना आडव्या भिंतीवरून छान पडतं. पूर चढला की खालचं पाणी वरच्याच्या बरोबरीला येतं आणि धबधबा चक्क नाहीसा होतो. नुसता तपकिरी, गुळगुळीत, वेगानं सरकणारा पट्टा उरतो. पोहणाऱ्यांना तो शांत वाटतो आणि तिथंच घात होतो.

बर्कीबद्दल तुम्ही वेगळं विचारलंय. शाहूवाडी तालुक्यात आहे, कळे, बाजारभोगाव, करंजफेण असं जायचं. जिल्ह्यातला माझा सगळ्यात आवडता धबधबा, आणि तुम्हाला मी तो सांगणार नाही. गावापासून आत चिखलाच्या वाटेनं चालावं लागतं, आईंच्या गुडघ्यांचं काम नाही. दुसरं कारण गावाच्या अलीकडचा पूल. काही वर्षांपूर्वी मी, बहीण, भाऊजी आणि त्यांची दोन पोरं असे गेलो होतो. पुलावरून गाडी नेताना शेताच्या बांधावर इरलं घेऊन बसलेले एक आजोबा म्हणाले, "पावणं, गाडी अलीकडंच लावा. वर काळं झालंय." आमच्या डोक्यावर ऊन होतं. भाऊजी हसले आणि गाडी पलीकडे घेतली. साडेतीनला परत आलो तर पुलाचे कठडे तेवढे दिसत होते, आणि त्यांना अडकलेला एक बाभळीचा फाटा पाण्याबरोबर मान हलवत होता. आमच्या अंगावर तोवर चार थेंबसुद्धा पडले नव्हते. पाऊस वर सड्यावर झाला होता. गावातल्या एका घरी रात्र काढली. त्या माउलीनं नाचणीची भाकरी आणि झुणका केला, पोरांना गोधडीत घेतलं, आणि पैसे काही केल्या घेतले नाहीत. सकाळी पूल कोरडा! आजोबा त्याच बांधावर होते. काही बोलले नाहीत, नुसतं बघितलं. भाऊजींनी काच वर केली.

तर तुमचे तीन दिवस. पहिला राधानगरीला द्या. कोल्हापूरहून हळदी, परिते करत पन्नास-पंचावन्न किलोमीटर. आधी राऊतवाडीचा धबधबा करा, सकाळी नऊच्या आत. रस्त्यापासून फार चालावं लागत नाही, म्हणून आईंनाही जमेल. दहानंतर गाड्यांची रांग, स्पीकर आणि भज्यांचा धूर. शनिवार-रविवार असेल तर राऊतवाडीचं नावच काढू नका. मग धरण. भिंतीवर सोडतीलच असं नाही, खालच्या बाजूनं लांबून बघायचं. दरवाजा उघडा असेल तर त्या अंतरावरही तुषार येतात. दाजीपूरला गव्यांसाठी जायचं मनात असेल तर पावसाळ्यात ते सोडा.

दुसरा दिवस उघडीप असेल तर गगनबावडा. जिल्ह्यातला सगळ्यात जास्त पावसाचा तालुका. वाटेत पळसंब्याला रामलिंग आहे. ओढ्यातल्या मोठमोठ्या दगडांत कोरलेल्या खोल्या आणि त्यांच्या अंगावरून वाहणारं पाणी. धबधबा म्हणून नाही, पण मुलीला सगळ्यात जास्त हेच आठवेल असं मला वाटतं. पुढे करूळ घाटात रस्त्यालाच धबधबे लागतात, गाडीतून न उतरता बघता येतात. घाट वाहतुकीला चालू आहे का एवढं आधी विचारा, दरड आली की बंद ठेवतात.

तिसऱ्या दिवशी आंबोली करा असं सगळे सांगतील. आजऱ्यावरून सव्वाशेच्या आतबाहेर किलोमीटर, जिल्हा सिंधुदुर्ग. आजरा-आंबोली रस्त्यावर नांगरतास लागतो, अरुंद घळीत कोसळणारा. तो वरून बघितला की पोटात गोळा येतो. आंबोलीच्या कावळेसाद कड्यावर कोकणातून येणारा वारा कड्याला धडकून वर उठतो आणि पडणारं पाणी परत अंगावर फेकतो. धुकं असेल तर मात्र दोन्हीकडे पांढऱ्या पडद्याशिवाय काही नाही. अशा दिवशी उलट दिशेला गोकाक गाठा. शंभरेक किलोमीटर, हायवेला संकेश्वरपर्यंत सरळ, डोंगराचं धुकं नाही. आंबोलीत उगवणारी हिरण्यकेशी आजरा, गडहिंग्लज करत घटप्रभेलाच मिळते, म्हणजे आंबोलीचं हुकलेलं पाणी तिथं भेटेल. तिथल्या गिरणीसाठी 1887 मध्येच या पाण्यावर वीज केली होती. झुलता पूल चालायला उघडा असेल असं धरून जाऊ नका.

सांडव्याखाली कुणी कितीही अंघोळी करताना दिसले तरी मुलीला खाली सोडू नका. शेवाळावर पाय ठरत नाही, आणि दरवाजे असलेल्या धरणाखाली भोंगा वाजला की काठावर यायला फार वेळ नसतो. जळवांसाठी मीठ आणि जुने मोजे पुरतात.

आणि आईंसाठी डिकीत एक प्लास्टिकची खुर्ची टाका. माझे वडील अशाच खुर्चीवर, डोक्यावर छत्री धरून, राधानगरीच्या सहा नंबरसमोर तासभर बसले होते. "निघूया का?" विचारलं तर म्हणाले, "थांब रे, बंद होताना बघायचंय."