मेनूकार्डाची उजवी बाजू

"ताई, सुट्टीत कुठे जायचं यावरून घरात वाद चाललाय. बायकोला सगळं एकाच पॅकेजमध्ये असलेला रिसॉर्ट हवाय. राहणं, खाणंपिणं, मुलांचे खेळ, सगळ्याचे पैसे आधीच भरायचे. मला हे श्रीमंतांचे चोचले वाटतात. आम्ही चौघंही बेताचं खाणारे, भरलेले पैसे वसूल कसे होणार? आजवरच्या सगळ्या सहली मीच आखल्या. रोज रात्री हिशोब लिहिला, बजेट कधी ओलांडलं नाही. मुलांनाही चांगली सवय लागली आहे. नऊ वर्षांची मुलगी तर मेनूकार्डात आधी उजवीकडची किंमत बघते, मग पदार्थ ठरवते. बायकोला कसं समजावू? — एक हिशोबी"

हिशोबी,

मुलीबद्दलचं ते एक वाक्य तुम्ही कौतुकानं लिहिलंय. ते वाचून माझ्या पोटात कालवाकालव झाली.

नऊ वर्षांचं मूल सुट्टीत जेवायला बसतं आणि काय खावंसं वाटतंय याच्या आधी बाबांना काय चालेल ते बघतं. पैशाची किंमत मुलांना कळायला हवी, हे मलाही मान्य आहे. त्यासाठी वर्षाचे बाकीचे दिवस आहेत. पण हे तिला तुम्ही बसवून शिकवलेलं दिसत नाही, तुमच्या चेहऱ्यावरून ती शिकली आहे. बिल आलं की, होडीचं तिकीट काढायची वेळ आली की, धाकट्यानं दुसऱ्यांदा थंड पेय मागितलं की तुमच्या कपाळाला आठी पडत असणार. ती आठी तिला पाठ झालीय. तुम्ही एकदाही ओरडला नसाल. तरीही.

म्हणून मी तुमच्या पत्नीच्या बाजूची आहे. पूर्णपणे.

ड्राझेन प्रेलेक आणि जॉर्ज लोवेनस्टाइन या अभ्यासकांनी १९९८ साली नेमका हाच विषय हाताळला होता. पैसे देताना माणसाला मनातून टोचतं, आणि ते टोचणं उपभोगाच्या आनंदातून वजा होतं. पण पैसे आधीच भरून झाले असतील तर ती वस्तू जणू फुकट मिळाल्यासारखी उपभोगता येते. त्यांनी लोकांना विचारलं तेव्हा कपडे धुण्याच्या यंत्राचे पैसे बहुतेकांना नंतर, हप्त्यांनी द्यायचे होते; सहलीचे मात्र बहुतेकांना आधीच भरून मोकळं व्हायचं होतं. तुमच्या पत्नीही हेच म्हणताहेत. टोचायचं ते एकदाच, घरी बसून टोचू दे. तिथे गेल्यावर दिवसातून दहा वेळा नको.

आणि श्रीमंतांचे चोचले? बिली बटलिननं १९३६ मध्ये इंग्लंडमधल्या स्केगनेसला सुट्टीची छावणी उघडली. तीन वेळचं जेवण आणि करमणूक एकाच दरात. तिथे येणारे होते ते बेताच्या कमाईचे कष्टकरी आणि त्यांची मुलंबाळं. क्लब मेड या सुट्टीच्या रिसॉर्टांसाठी प्रसिद्ध कंपनीची पहिली वसाहत १९५० साली स्पेनच्या माजोर्का बेटावर उभी राहिली, तीही तंबूंची. खर्चाचा आकडा आधी ठाऊक असणं ही मोजूनमापून जगणाऱ्यांची गरज आहे. तुमच्यासारख्यांची. बजेट न ओलांडण्याचा याहून सोपा मार्ग मला तरी माहीत नाही.

'वसूल' हा शब्द मात्र तिथे नेऊ नका. मला खरी भीती त्याचीच वाटते. बुफेपुढे उभं राहून "अजून घे, पैसे भरलेत" असं म्हणालात की तो तुमचा जुनाच हिशोब झाला, फक्त उलटा. कमी खाल्लं तर कमी खाल्लं. एक अख्खी दुपार कुणी काहीच न करता लोळत पडलं तर पडू दे.

तुमच्या चिकाटीला काम हवंच असेल तर ते बुकिंगआधी करा. 'सगळं समाविष्ट' म्हणताना प्रत्येक ठिकाणी वेगळं काहीतरी वगळलेलं असतं. बहुधा स्पा, स्कूबा, मोटरबोटीवरचे खेळ, बाहेरच्या सहली, कधी खास रेस्तराँ, कधी विमानतळावरून नेण्या-आणण्याचा खर्च. 'फुल बोर्ड' असं लिहिलं असेल तर ते 'सगळं समाविष्ट' नव्हे, राहणं आणि फक्त तीन वेळचं जेवण. पेयांचे पैसे त्यात सहसा वेगळे पडतात. कोणत्या वयाच्या मुलांसाठी काय आहे, टिप धरलीय का, हे लेखी विचारून घ्या. अशा ठिकाणी राहून आजूबाजूचं गाव बघायचं राहून जातं, ही तक्रार खरी आहे. एक दिवस बाहेर पडा, त्याचे पैसे आधीच वेगळे काढून पत्नीच्या हातात द्या.

आज रात्रीच त्यांना सांगा, "तू म्हणतेस तिथेच जाऊ." सगळी रक्कम निघण्याआधी भरून टाका आणि वही घरी ठेवा. पहिल्या दिवशी मुलगी विचारेल, "बाबा, हे कितीला आहे?" तेव्हा आकडा सांगू नका. "पैसे भरलेत, तुला काय आवडतं ते घे," एवढंच म्हणा. तिला पटकन विश्वास वाटणार नाही. ती पुन्हा विचारेल, तेव्हा पुन्हा तेच सांगा.

तुमची,
ताई