लेबर रूमचे प्रश्न, सिस्टरांसाठी उत्तरं

प्रश्न : प्रसूतीनंतर रक्तस्राव वाढला की आमच्याकडे एकच पळापळ होते. औषधं एका कपाटात, सलाइनचं सामान दुसऱ्या खोलीत, किल्ली तिसऱ्याच माणसाकडे. नंतर ‘उशिरा का कळवलं?’ ही विचारणा मात्र आम्हालाच. काय बदलता येईल?

उत्तर : उशीर होतो तो बहुतेकदा नजरेच्या अंदाजामुळे. चादरीत, पॅडमध्ये मुरलेलं रक्त आहे त्यापेक्षा कमी वाटतं, आणि स्राव जितका मोठा तितकी ही चूकही वाढते. म्हणून बाळ बाहेर आलं, गर्भजल वाहून गेलं, की लगेच खुणा असलेली मापक पिशवी खाली सरकवा. पिशवी नसेल तर भिजलेले पॅड वजन करा. कोऱ्या पॅडचं वजन वजा केल्यावर 1 ग्रॅम म्हणजे साधारण 1 मिली. पहिला तासभर दर 15 मिनिटांनी पिशवीतलं माप, नाडी, रक्तदाब आणि गर्भाशय घट्ट आहे की सैल, एवढं लिहा. 500 मिली झाले की उपचार सुरू. 300 ओलांडले आणि नाडी चढतेय किंवा रक्तदाब उतरतोय, तर 500ची वाट पाहू नका.

उपचारही एकामागून एक करत बसू नका, एकत्रच सुरू करा : गर्भाशयाला मालिश, ऑक्सिटोसिन (गर्भाशय आवळणारं औषध), 1 ग्रॅम ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड (रक्तस्राव रोखणारं औषध) शिरेतून 10 मिनिटांत, सलाइन, मूत्राशय रिकामं करणं, आणि वार पूर्ण आली का, कुठे फाटलंय का, हे पाहणं. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या 80 रुग्णालयांत मापक पिशवी आणि हे एकत्रित उपचार वापरून पाहिले. 2023 साली निष्कर्ष आले : तीव्र रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा त्यामुळे मृत्यू, यांचं एकत्रित प्रमाण 60 टक्क्यांनी घटलं होतं.

हे सगळं सामान एकाच पेटीत ठेवा : जाड कॅन्युला (शिरेत घालायची नळी), सलाइनचा सेट, सलाइन, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडचे दोन डोस, मिसोप्रोस्टॉल (गर्भाशय आवळणाऱ्या गोळ्या), कॅथेटर (लघवीची नळी), सिरिंज. कुलूप नको, ओढून तोडायचं सील लावा. सील शाबूत असेल तर प्रत्येक ड्यूटीला फक्त सील आणि मुदत बघायची. ऑक्सिटोसिन मात्र 2 ते 8 अंशांत, फ्रिजमध्येच. उष्णतेने त्याची ताकद जाते आणि ॲम्प्यूल बघून ते कळत नाही. पहिला डोस डॉक्टर येईपर्यंत अडू नये, म्हणून सही केलेला कायमचा लेखी आदेश भिंतीवर लावून घ्या. याचा आग्रह जरूर धरा.

आणखी एक. एकटी सिस्टर चार बायका सांभाळत असेल तर दर 15 मिनिटांची नोंद होणारच नाही. ती नंतर मागाहून भरू नका. रकाना रिकामा ठेवून कारण लिहा : ‘शेजारच्या खाटेवर प्रसूती सुरू’. मनुष्यबळ मागताना तोंडी तक्रारीपेक्षा अशी पानं कामाला येतात, आणि चौकशीत तुमची बाजूही तीच सांगतात.

प्रश्न : ड्यूटी बदलताना ओव्हर (पुढच्या सिस्टरला रुग्णांची माहिती सोपवणं) घाईत होतो आणि गोष्टी सुटतात.

उत्तर : ओव्हर खाटेपाशी द्या, पार्टोग्राफ (प्रसूतीच्या प्रगतीचा तक्ता) समोर धरून. आधी काळजीची बाब, मग बाळाचे ठोके, कळा, तपासणी कधी झाली आणि पुढची कधी, कोणतं औषध किती वाजता दिलं, डॉक्टरांना काय कळवलं आणि ते काय म्हणाले. घेणारीने ऐकलेलं परत बोलून दाखवावं. बाळ बाहेर येत असताना ओव्हर नकोच. यासाठी दोन ड्यूट्यांमध्ये 15 ते 20 मिनिटांचा सामाईक वेळ वेळापत्रकातच हवा. तो नसेल तर निघणारी सिस्टर फुकट थांबते किंवा अर्धवट सांगून जाते.

प्रश्न : टाके घालताना कंबर भरून येते.

उत्तर : खाट तुमच्या कोपराच्या उंचीवर आणा, स्टुलावर बसा, दिवा खांद्याच्या मागून घ्या. प्रसूतीच्या वेळी बाई जमिनीवर उकिडवी असेल तर वाकू नका, गादीवर एक गुडघा टेका.