वाचकांचे प्रश्न : ई-मेलचे पत्ते कसे पारखावेत?

प्रश्न : वाचनालयाच्या नोंदवहीतले आठशे सभासदांचे ई-मेल पत्ते एक्सेलमध्ये उतरवले. वार्षिक सभेची सूचना धाडली, तर दीडशेच्या वर परत आल्या. संकेतस्थळावरच्या अर्जातही लोक काहीबाही पत्ते भरतात. फुकटचे पत्ते घेणेच बंद करावे का? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : तसे केलेत तर यादीत उरेल कोण? निपाणी-चिकोडी-खानापूरकडचे सभासद जीमेल, याहू, नाहीतर जुन्या रेडिफमेलवरच असणार. अडवायचे ते मेलिनेटर, योपमेल अशा तात्पुरत्या पत्त्यांना. त्यांच्या डोमेनच्या (पत्त्यातल्या ‘ॲट’नंतरच्या नावाच्या) याद्या गिटहब या संकेतस्थळावर मिळतात. नवी डोमेन सतत निघतात, म्हणून यादी महिन्याला तरी ताजी करा आणि उपडोमेनही (त्याच नावाआधी ठिपका देऊन जोडलेली नावे) जुळवून पाहा.

तुमची परत आलेली पत्रे मात्र बहुतेक टायपिंगची चूक असावी. ‘कॉम’चे ‘कॉन’ झालेले लगेच सापडते, शेवटची मोकळी जागा दिसत नाही. एक्सेलचे ट्रिम सूत्र वापरा, पण वेबपानावरून चिकटवलेली १६० क्रमांकाच्या चिन्हाची मोकळी जागा ट्रिमने जात नाही, ती सबस्टिट्यूट सूत्राने काढावी लागते. आपल्या भागातली खास गोम आकड्यांची. कीबोर्ड मराठी किंवा कन्नडवर राहिला की आकडे त्या लिपीत पडू शकतात, आणि कन्नड शून्य तर हुबेहूब इंग्रजी ‘ओ’! पायथॉन ३ या प्रोग्रामिंग भाषेत रेजेक्सचा (मजकूर साच्याशी जुळवणाऱ्या सूत्राचा) ‘बॅकस्लॅश डी’, म्हणजे ‘कुठलाही आकडा’, हे आकडेही चालवून घेतो. म्हणून अर्जाच्या तपासणीत इंग्रजी शून्य ते नऊ असे स्पष्ट लिहा. ‘ॲट’च्या आधी जास्तीत जास्त ६४ अक्षरे, एकूण २५४.

मग संगणकातल्या एनएसलुकअप या आज्ञेने डोमेनची एमएक्स नोंद (त्याचे टपाल कोणता सर्व्हर घेतो ते सांगणारी) पाहा. ती नसली तरी लगेच काट मारू नका. ए नोंद (डोमेनचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा आकडी पत्ता सांगणारी) असेल तर नियमाने टपाल तिथेही जाते.

‘हा पत्ता आहे का’ असे समोरच्या टपाल-सर्व्हरला थेट विचारून खातरजमा करण्याच्या फंदात पडू नये, असे आमचे मत. घरगुती ब्रॉडबँडवर पोर्ट २५ (सर्व्हरला टपाल देण्याचे दार) बहुधा बंद असते. काही सर्व्हर कुठल्याही नावाला २५० हा कोड, म्हणजे ‘चालेल’, म्हणतात, आणि फार विचारणा केली तर तुमचाच आयपी काळ्या यादीत जातो. पेटी खरंच त्या माणसाची आहे हे दुवा दाबायला लावणाऱ्या पत्रानेच कळते.

परत आलेल्या पत्रांतला कोड वाचा. ४५० असेल तर तासाभराने पुन्हा पाठवा. ५५० आणि ‘असा वापरकर्ता नाही’ असा शेरा असेल तर पुन्हा पाठवू नका. नोंदवहीतला फोन लावून पत्ता अक्षर-अक्षर विचारून घ्या.