गोव्यात तालुक्यापुरतं पक्षीनिरीक्षण मंडळ काढायचं आहे. उद्देश काय ठेवावा? नोंदणी आधी करावी का?

नोंदणीचं सांगून टाकतो. सोसायटी कायद्याखाली सात माणसं लागतात. आमच्याकडे अकरा होती आणि तिथेच घोळ झाला.

आमचा गट जमला तो गावच्या तळ्यामुळे. रविवारी उजाडताना मी आणि एक निवृत्त मास्तर बांधावर बसून अडया, म्हणजे शीळ घालणारी रानबदकं, मोजायचो. दहा पक्ष्यांमागे वहीत एक रेघ. वीसेक रेघा झाल्या की ब्राह्मणी घार फिरकायची, अख्खा थवा शीळ घालत उठायचा, की पुन्हा पहिल्यापासून. कंटाळवाणं काम. बाकीच्यांना ते पक्षीनिरीक्षण वाटेचना. त्यांना मंडळ 'रीतसर' हवं होतं. मग तीन महिन्यांचे रविवार घटना लिहिण्यात आणि बोधचिन्हात गेले. धनेश की राज्यपक्षी बुलबुल, यावरून दोघे जण अजून एकमेकांशी बोलत नाहीत. मास्तर मुलाकडे पुण्याला गेले, मीही सभांना बसू लागलो. वहीची पानं कोरी.

त्याच उन्हाळ्यात तळ्याच्या कडेला भराव घालून रस्ता रुंद करायचा विषय ग्रामसभेत आला. आमचे अध्यक्ष तावातावाने बोलले. मागून एकाने शांतपणे विचारलं, "कितलीं सुकणीं येतात?" म्हणजे किती पक्षी येतात. अध्यक्ष म्हणाले, "खूप." हशा पिकला. मी वही काढली, तर तो म्हणाला, "हें पोरूंचें. औंदूचें सांग." म्हणजे हे गेल्या सालचं, यंदाचं सांग. भराव पडला.

तेव्हा उद्देश एकच ठेवा: मोजणं. 'संवर्धन व प्रबोधन' हे लेटरहेडवर छान दिसतं. मुंबईत १८८३ साली आठ जणांनी बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) सुरू केली ती आपापली निरीक्षणं आणि नमुने एकमेकांना दाखवायला. करमळीचं तळं स्टेशनला लागून आहे, तिथे हात बसवा. मग आपल्या गावचं एक तळं धरा, वार ठरवा, आकडे ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. दोन हिवाळे मोजून झाले की घटना लिहा.

हां, शाळांची शिबिरं, देणग्या, बँकखातं यासाठी नोंदणी लागतेच, ते नाकारत नाही. आणि धनेशाच्या ढोलीचा पत्ता ग्रुपवर टाकू नका, कॅमेरेवाले झाडाखाली तळ ठोकतात.

आमचं मंडळ अजून आहे. बोधचिन्हावर शेवटी बुलबुलच आला, पण त्याचा गळा पिवळा छापलाय. केशरी हवा. चार वेळा सांगितलं.