टर्म इन्शुरन्स कधी घ्यावा आणि कधी बंद करावा?

टर्म इन्शुरन्स म्हणजे ठरावीक मुदतीत तुमचा मृत्यू झाला तर घरच्यांना ठरलेली रक्कम देणारा विमा; मुदतभर जगलात तर सहसा काही परत मिळत नाही. तुमच्या कमाईवर दुसऱ्या कुणाचं घर चालायला लागलं, की तो लगेच घ्या. लग्नाची वाट पाहू नका. आईवडील अवलंबून असतील किंवा गृहकर्जावर सही केली असेल, तरी गरज सुरू झाली. तरुणपणी हप्ता कमी बसतो आणि सहसा मुदतभर तोच राहतो. एकदा मधुमेह निघाला, की तीच पॉलिसी नव्याने घेताना महागात पडते, कधी मिळतही नाही.

बंद करण्याचं ठरावीक वय नसतं. कर्ज फिटलं, मुलं कमावती झाली आणि साठवलेल्या पैशावर जोडीदाराचं निभेल, हे कागदावर मांडून बघा. निभत असेल तर हप्ता थांबवा. आजवरचे पैसे वाया गेले असं वाटून घेऊ नका, त्या वर्षांचं संरक्षण तुम्हाला मिळालंच. पॉलिसी फक्त बदलायची असेल तर मात्र नवी हातात आल्याशिवाय जुनी सोडू नका, हे अगदी कळकळीने सांगतो.