पाहुणा परदेशी, अर्जही त्याचाच

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं. या वेळचा विषय : परदेशी मित्र, मैत्रीण किंवा होणारा जोडीदार पाहुणा म्हणून आपल्याकडे यायचा असेल तर त्याच्या व्हिसाचं काय?

प्रश्न : मुलीचा जर्मन मित्र दिवाळीत आमच्याकडे यायचा आहे. दोघांचं लग्न ठरल्यात जमा आहे. इथला एक एजंट म्हणतो, स्टँप पेपरवर निमंत्रणपत्र लिहून नोटरी करा, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि घराची कागदपत्रं द्या, पुढचं मी बघतो. एवढं सगळं लागतं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : यातलं काहीच लागत नाही. आपल्या मुलांना शेंगेन किंवा अमेरिकेचा व्हिसा काढताना जी फाइल जमवावी लागते, तिचा धाक मनात बसलेला असतो आणि एजंटांचं दुकान त्या धाकावर चालतं. जर्मन नागरिकाला भारताचा ई-टूरिस्ट व्हिसा मिळतो. त्याच्या अर्जाला दोनच फायली जोडायच्या : स्वतःचा फोटो आणि पासपोर्टचं माहितीचं पान. अर्ज पाहुण्याने त्याच्या देशात बसून भरायचा. यजमानाने पत्ता द्यायचा, आणि ‘सबमिट’ दाबण्याआधी अक्षर न् अक्षर तपासायचं. ई-व्हिसा टंकलेखनाच्या चुकांमुळे रखडू शकतो, म्हणून हे दुसरं काम मुलीने मनावर घ्यावं.

आधी संकेतस्थळ. सरकारी पत्त्याचा शेवट ‘जीओव्ही डॉट इन’ असाच असतो : इंडियनव्हिसाऑनलाइन डॉट जीओव्ही डॉट इन. गूगलवर शोधलं की वर जाहिरातींत अशोकस्तंभासारखी चित्रं लावलेली खासगी स्थळं येतात. ती तोच अर्ज तुमच्या वतीने भरतात आणि मूळ शुल्काच्या कितीतरी पट घेतात.

मग मुदत निवडायची. ३० दिवसांचा, १ वर्षाचा आणि ५ वर्षांचा, असे तीन पर्याय आहेत. बहुतेक देशांच्या नागरिकांना ३० दिवसांच्या व्हिसाला एप्रिल ते जून १० डॉलर आणि जुलै ते मार्च २५ डॉलर पडतात. वर्षाच्या व्हिसाला ४० आणि पाच वर्षांच्या व्हिसाला ८० डॉलर. वर बँकेचा आकार वेगळा. व्हिसा नाकारला तरी पैसे परत मिळत नाहीत. ३० दिवसांचा अर्ज पोहोचण्याच्या आधीच्या ३० दिवसांतच भरता येतो, वर्षाचा आणि पाच वर्षांचा १२० दिवस आधीपासून. दोन्हींत किमान ४ दिवस हातात हवेत. तेव्हा गणपतीतच अर्ज उरकून टाकू म्हणाल, तर ३० दिवसांचा पर्याय तारीखच स्वीकारणार नाही. लग्न ठरल्यात जमा असेल तर पाहुणा एकदाच येऊन थांबणार नाही. आमच्या मते १ वर्षाचा घ्यावा. १५ डॉलर जास्त जातात, पण दुसरी खेप सुटते.

आता तपासणी. नाव पासपोर्टात जसं आहे तसं, सगळ्या मधल्या नावांसकट. जर्मन पासपोर्टावर ‘म्युलर’ हे आडनाव यू-वर दोन टिंबं देऊन छापलेलं असतं. अर्जात टिंबं चालत नाहीत. अशा वेळी पानाच्या तळाशी बाणांच्या खुणा असलेल्या ज्या दोन ओळी असतात, त्यांत नाव जसं आहे तसं लिहावं. तिथे ते ‘यू-ई’ असं दोन अक्षरांनी येतं. डॉक्टरेट असलेल्या जर्मनांच्या पासपोर्टावर नावाच्या रकान्यात ‘डॉ.’ही छापलेलं असू शकतं. ते नावाचा भाग नव्हे, अर्जात घालू नये. पासपोर्ट क्रमांकात गोल दिसलं की ते शून्य समजावं, कारण जर्मन क्रमांकात ‘ओ’ हे अक्षर वापरतच नाहीत. तारखा आधी दिवस, मग महिना. जर्मनांची सवय आपल्यासारखीच आहे. पाहुणा अमेरिकन असेल तर मात्र ४ नोव्हेंबरचा ११ एप्रिल व्हायला वेळ लागत नाही. एकदा अर्ज गेला की दुरुस्ती नाही. चूक राहिली तर नवा अर्ज, नवं शुल्क. आणि ती लक्षात आलीच नाही, तर फ्रँकफर्टच्या काउंटरवर विमान कंपनी त्याला चढू देणार नाही.

फोटो चौरस हवा, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, चष्मा काढून, कडेला चौकट नको; जेपीईजी फाइल १० केबी ते १ एमबी. पासपोर्टचं पान पीडीएफमध्ये, १० ते ३०० केबी. मोबाइलवर स्कॅन केलेली फाइल सहज दोन एमबीची होते आणि मग माणसं ती दाबून दाबून इतकी लहान करतात की अक्षरं पुसतात. त्यापेक्षा दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, करड्या छटेत स्कॅन करावं. तळाच्या त्या दोन ओळी कापल्या जाता कामा नयेत. पासपोर्ट पोहोचण्याच्या दिवसापासून किमान ६ महिने वैध हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत.

अर्जात धर्म, शिक्षण, अंगावरची ओळखखूण, आईवडिलांची जन्मस्थळं असलं बरंच विचारतात. युरोपीय माणूस धर्माच्या रकान्याशी अडखळतो, रागावतोही. सगळ्यांना हेच विचारतात, हे त्याला आधीच सांगून ठेवा. गेल्या १० वर्षांत कोणकोणत्या देशांत गेला आणि ३ वर्षांत सार्क देशांपैकी कुठे गेला, हेही येतं. श्रीलंकेची सहल विसरू नये. प्रवासाचं कारण ‘मित्र-नातेवाइकांची भेट’ निवडावं आणि तिथे तुमचं नाव, पूर्ण पत्ता व मोबाइल द्यावा. ‘होणारा नवरा’ असा रकाना भारतीय अर्जात नाही, तेव्हा नात्याचे पुरावे जोडत बसू नका. हां, फोन मात्र उचला.

प्रश्न : शुल्क भरताना दोनदा कार्ड फेल झालं. मैत्रीण म्हणते आणखी प्रयत्न करते. करू द्यावं का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : लगेच नको. पैसे भरण्याचे तीनच प्रयत्न मिळतात; तिसराही फसला की सगळा अर्ज पहिल्यापासून. शिवाय पैसे कापले गेले असूनही स्थिती ‘न भरलेली’ दिसू शकते. चार तास थांबून मग शुल्काची स्थिती तपासायची आणि खरंच भरलं नसेल तरच दुसऱ्या कार्डाने किंवा पेपॅलने प्रयत्न करायचा. तिच्या बँकेने परदेशी व्यवहार रोखून धरला असण्याची शक्यता मोठी, म्हणून मधल्या वेळात तिने बँकेला फोन करावा. पहिल्या पानानंतर मिळणारा तात्पुरता अर्ज क्रमांक लिहून ठेवला आहे ना? भरलेली माहिती त्याच क्रमांकाने पुन्हा उघडते.

प्रश्न : मित्राला ३० दिवसांचा ई-व्हिसा आला. त्यावर मुदत संपण्याची जी तारीख आहे, ती त्याच्या परतीच्या विमानाच्या आधीची आहे. तिकीट बदलायचं का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : बदलू नका. ३० दिवसांच्या व्हिसाच्या पत्रावरची ती तारीख भारतात शिरण्याची शेवटची तारीख असते. मुक्कामाचे ३० दिवस तो उतरतो त्या दिवसापासून मोजतात. त्या काळात दोनदा येता येतं. म्हणजे मधेच श्रीलंकेला जाऊन परत येणं जमतं, पण दुसऱ्या प्रवेशाने दिवस वाढत नाहीत. वर्षाच्या आणि पाच वर्षांच्या व्हिसाचा हिशेब निराळा. तिथे घड्याळ मंजुरीच्या दिवसापासून सुरू होतं आणि सलग मुक्कामाला ९० दिवसांची मर्यादा असते. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा आणि जपानच्या नागरिकांना १८०.

पत्राची छापील प्रत बरोबर हवी आणि निघण्यापूर्वी संकेतस्थळावर स्थिती ‘ग्रँटेड’ दिसायला हवी. विमानाने यायचं तर प्रवेश ठरलेल्या विमानतळांवरूनच; मुंबई, पुणे, नागपूर आणि गोव्यातले दाबोळी व मोपा हे दोन्ही त्या यादीत आहेत. १ ऑक्टोबर २०२५ पासून परदेशी पाहुण्यांसाठी ई-अरायव्हल कार्डही आलं आहे. ते उतरण्याच्या आधीच्या ७२ तासांत ऑनलाइन भरायचं. त्याला पैसे पडत नाहीत, त्यामुळे त्यासाठी पैसे मागणारं स्थळ खोटं समजा.

प्रश्न : मैत्रीण ब्रिटिश नागरिक, पण तिचे आजोबा कराचीचे. ई-व्हिसा मिळेल? अर्जात आजोबांचा उल्लेख टाळला तर?
– एक वाचक, मुंबई

उत्तर : टाळायचा विचारही नको. आईवडील किंवा आजी-आजोबा, आईकडचे आणि वडिलांकडचे दोन्ही, पाकिस्तानचे नागरिक होते का किंवा तिथले होते का, असा थेट प्रश्न अर्जात असतो. पाकिस्तानी मूळ असलेल्यांना, हातातला पासपोर्ट कोणत्याही देशाचा असो, ई-व्हिसा नाही. त्यांनी भारतीय वकिलातीमार्फत नेहमीचा, पासपोर्टात चिकटवला जाणारा व्हिसा काढायचा. खोटं उत्तर पुढे उघड झालं तर हा प्रवास तर जातोच, नंतरचे अर्जही संशयात अडकतात.

आजोबा फाळणीत भारतात आले आणि इथलेच नागरिक झाले असतील, तर गोष्ट वेगळी असू शकते. त्यांच्या भारतीय नागरिकत्वाचा कागद शोधून वकिलातीलाच लेखी विचारावं. तिथल्या तपासाला लागणारा वेळ आठवड्यांत नव्हे, महिन्यांत धरा आणि व्हिसा हाती येईपर्यंत लग्नसराईची तिकिटं काढू नका. तुमचं निमंत्रणपत्र, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा यांचा उपयोग होतो तो इथे. स्टँप पेपर नको, साधा कागद पुरतो. पण त्यात नातं, मुक्कामाचा पत्ता आणि तारखा स्पष्ट हव्यात.

प्रश्न : केनियातला मित्र येतोय. ई-व्हिसा मंजूर आहे. आणखी काही?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र. हे व्हिसाच्या अर्जात कुणी मागत नाही, म्हणून नेमकं राहून जातं. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या ज्या देशांत हा आजार आहे, तिथून येणाऱ्याकडे ते नसेल तर आपल्या विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र ग्राह्य होतं आणि मग आयुष्यभर चालतं. आदल्या आठवड्यात घेतलेली लस म्हणून कामाची नाही.

प्रश्न : आमचं घर सावंतवाडीजवळ. फ्रेंच मैत्रीण महिनाभर घरीच राहणार, हॉटेल नाही. पोलिसांत कळवावं लागतं का?
– एक वाचक, सिंधुदुर्ग

उत्तर : हो, आणि यजमानाकडून सगळ्यात जास्त विसरलं जातं ते हेच. परदेशी पाहुणा घरी उतरला की २४ तासांत त्याची नोंद ऑनलाइन करायची असते, भाडं घेत असा वा नसा. हॉटेलवाले याला अजून ‘सी फॉर्म’च म्हणतात. परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाच्या, म्हणजे एफआरआरओच्या संकेतस्थळावर घरमालकाने आधी स्वतःचं खातं उघडायचं. त्याला ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा लागतो आणि खातं मंजूर व्हायला वेळ जातो. म्हणून हे काम पाहुणी विमानात बसण्यापूर्वीच उरकून ठेवा, नाहीतर २४ तास खातं उघडण्यातच संपतील. ती आल्यावर पासपोर्ट, व्हिसा, शिक्क्याची तारीख आणि फोटो भरायचा. मधे चार दिवस गोव्यात हॉटेलवर राहून परत आली तर तिथली नोंद हॉटेल करेल आणि परतल्यावर तुम्ही पुन्हा करायची. खातं अडलं तर जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयातल्या परदेशी नोंदणी विभागात जा. काम तिथलंच आहे, गावच्या चौकीत चकरा मारू नका.

आणखी एक. ई-व्हिसा लष्करी छावणीच्या हद्दीत चालत नाही. कुणी नातलग देवळालीत किंवा कामठीत लष्करी क्वार्टरमध्ये राहत असतील, तर त्यांच्याकडचा मुक्काम बेतातून वगळा आणि तो पत्ता अर्जातही देऊ नका.

प्रश्न : होणारी बायको फिलिपिन्सची. ३० दिवसांच्या ई-व्हिसावर येऊन इथेच नोंदणी विवाह करायचा, मग व्हिसा वाढवून घ्यायचा, असं ठरलंय. बरोबर?
– एक वाचक, पिंपरी-चिंचवड

उत्तर : हिशेबच बसत नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे नोटीस दिल्यावर ३० दिवस आक्षेपांसाठी थांबावं लागतं. ती उतरली त्याच दिवशी नोटीस लागली, तरी लग्नाच्या दिवशी व्हिसा संपलेला असेल. आणि ई-टूरिस्ट व्हिसा वाढत नाही, त्याचं दुसऱ्या प्रकारात रूपांतरही होत नाही. निदान वर्षाचा व्हिसा घ्या, म्हणजे सलग ९० दिवस मिळतात. नोटिशीनंतर तीन महिन्यांत लग्न लागलं नाही तर नोटीस बाद होते, तेव्हा ती फार आधीही देऊ नका. जिल्ह्यात ३० दिवस वास्तव्याची अट दोघांपैकी एकाने पुरी केली की पुरते. ती अट तुम्ही पुरी करत असालच. स्वतः अविवाहित असल्याचा दाखला तिने तिकडूनच व्यवस्थित काढून आणावा. ऐन वेळी विवाह अधिकाऱ्यासमोर काम अडतं ते बहुधा याच कागदावर.

लग्नानंतर इथे राहायचं असेल तर भारतीय नागरिकाच्या जोडीदाराला मिळणारा एंट्री, म्हणजे एक्स व्हिसा लागतो. ओसीआय, म्हणजे भारताशी नातं असलेल्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या कार्डासाठी नोंदलेलं लग्न सलग दोन वर्षं टिकलेलं असावं लागतं. आणि ई-टूरिस्ट व्हिसावर इथे असताना तिने कुणाकडे पगारी काम धरू नये, ओळखीच्या पार्लरमध्ये दोन दिवसांसाठीही नाही.

प्रश्न : सामानात काय आणू नये, हे पाहुण्याला सांगायचं आहे.
– एक वाचक, फोंडा

उत्तर : सॅटेलाइट फोन आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारी गिर्यारोहकांची यंत्रं. परवान्याशिवाय ती जवळ बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे आणि यावरून परदेशी पर्यटकांना गोव्याच्या विमानतळावर अटकही झाली आहे. ई-सिगारेटवर २०१९ पासून बंदी आहे. ड्रोन घरी ठेवावा.