शांत झोपलेत ना, मग उठवता कशाला?

प्रश्न : माझ्या वडिलांचं आतड्याचं ऑपरेशन झालं. पहिल्या रात्री सिस्टर सारख्या यायच्या, त्यांना हाक मारून उठवायच्या, बीपी बघायच्या, चादर वर करून बघायच्या. ते छान शांत झोपले होते, शेवटी मीच चिडले आणि म्हटलं झोपू द्या ना त्यांना जरा. त्या म्हणाल्या, नाही जमणार ताई. बोटाला मशीन लावलेलं होतं, आकडा 97 दिसत होता. मग एवढं उठवायची खरंच गरज होती का?

उत्तर : ताई, होती. आणि तुमचा राग पण मला समजतो, कारण दिवसभर ऑपरेशन थिएटरबाहेर बसून तुम्ही पण दमलेल्या होतात आणि वडिलांना कुठे जरा डोळा लागला होता. पण मी बरीच वर्षं सर्जिकल वॉर्डात काढलीत, तिथे पहिल्या रात्री "शांत झोपलेत" हे ऐकलं ना की आधी जाऊन श्वास मोजायचा असतो.

कारण सांगते. पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर दुखू नये म्हणून बऱ्याचदा मॉर्फिन किंवा फेंटानिलसारखी औषधं देतात, ती चांगलीच आहेत, दुखणं कमी असलं तर पेशंट खोल श्वास घेतो, खोकतो, लवकर उठून बसतो. पण तीच औषधं जास्त झाली किंवा एखाद्याला जास्त लागू पडली तर आधी गुंगी वाढते आणि मग श्वास मंदावत जातो, आणि बाहेरून बघणाऱ्याला ते अगदी गाढ झोपेसारखं दिसतं. मोठ्या माणसाचा श्वास साधारण मिनिटाला 12 ते 20 असतो, तो 8 वर आला तर धावपळ करायची वेळ आलेली असते. आता बोटाच्या मशीनचं म्हणाल तर ते रक्तातला ऑक्सिजन आणि पल्स दाखवतं. नाकाला ऑक्सिजनची नळी लावलेली असेल तर श्वास कमी होत असतानाही तो आकडा बराच वेळ चांगला दिसू शकतो, आणि तोवर आत कार्बन डायऑक्साइड साठत असतो. म्हणून हाक मारायची, डोळे उघडतात का, नीट उत्तर देतात का बघायचं, आणि छातीकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचा. हे काम मशीनवर सोडून चालत नाही.

(यावरूनच एक सांगते, काही ठिकाणी पेशंटच्या हातात बटण देतात, दाबलं की दुखण्याचं औषध शिरेत जातं. ते बटण पेशंटनेच दाबायचं. गुंगी आली की त्याचा हात आपोआप थांबतो, तीच त्यातली सेफ्टी आहे. प्रेमापोटी नातेवाईकांनी दाबलं की ती सेफ्टीच गेली.)

आणि चादर वर करून काय बघतात, तर रक्तस्राव. ड्रेसिंग वरून कोरडं असतं पण रक्त खाली ओघळून पाठीखाली साठतं, म्हणून हात घालून बघावं लागतं. ड्रेनच्या (म्हणजे पोटात साठणारं रक्त-पाणी बाहेर काढणाऱ्या नळीच्या) पिशवीत काही नाही म्हणून पण निश्चिंत व्हायचं नाही, गुठळीने नळी बंद झालेली असू शकते. आतल्या आत रक्त जात असेल तर बऱ्याचदा आधी पल्स वाढतो, हातपाय गार पडतात, लघवी कमी होते, आणि बीपी मात्र शरीर बराच वेळ कसंतरी धरून ठेवतं, ते पडतं तेव्हा उशीर झालेला असतो. लघवीचं माप साधारण तासाला किलोमागे अर्धा मिली धरतात, म्हणजे 60 किलोच्या माणसाला तासाला 30 मिली. लघवीच्या पिशवीकडे वाकून बघणारी सिस्टर हाच हिशोब करत असते.

पुढच्या वेळी उलटं करा, तुम्ही पण बघा आणि हाक मारल्यावर नीट जागे होत नसतील तर तुम्हीच सिस्टरना बोलवा.

प्रश्न : तीच नर्स, तोच पेशंट, तरी प्रत्येक औषधाआधी नाव आणि जन्मतारीख का विचारतात?

उत्तर : कारण चूक ओळखीच्या पेशंटमध्ये पण होते. आणि "तुम्ही अमुकच ना?" असं विचारलं तर गुंगीतला माणूस कशालाही हो म्हणतो, म्हणून नाव त्याच्याच तोंडून घ्यायचं आणि मनगटावरच्या पट्टीशी जुळवायचं. दोन सेकंदाचं काम आहे, कंटाळू नका.

प्रश्न : मी नवीन नर्स आहे. रात्री एका पेशंटचं काहीतरी बिनसलंय असं वाटत होतं पण बीपी ठीक होतं. डॉक्टरांना फोन केला तर "मग फोन कशाला केला" म्हणाले. आता फोन करायचीच भीती वाटते.

उत्तर : बाळा, फोन करायचाच. पेशंटजवळ तू होतीस, तुला जे दिसलं ते फोनच्या पलीकडे दिसत नाही. अनेक हॉस्पिटलांमध्ये तर तातडीची टीम बोलवायच्या कारणांमध्ये "नर्सला काळजी वाटते" हे पण एक कारण लिहिलेलं असतं.

फक्त बोलायची पद्धत बदल. "बरं वाटत नाहीये" एवढंच सांगितलं तर झोपेतून उठलेल्या डॉक्टरांना काही कळत नाही. आधी पेशंट कोण, कसलं ऑपरेशन, किती तास झाले, मग आकडे वेळेसकट सांग : 6 वाजता पल्स 84, 8 वाजता 98, आता 112, लघवी दोन तासांत 25 मिली, बीपी अजून ठीक आहे. मग तुला काय वाटतं ते, "आत ब्लीडिंग असेल असं वाटतंय", आणि शेवटी काय हवंय ते स्पष्ट, "तुम्ही येऊन बघा". सुटा आकडा कुणाला हलवत नाही, चढत जाणारा आकडा हलवतो.

आणि एका नर्सकडे खूप पेशंट असले की हे सगळं कसं जमायचं, हा राग रास्तच आहे. 2002 साली नर्सिंगवर संशोधन करणाऱ्या लिंडा एकन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या 168 हॉस्पिटलांमधले ऑपरेशन झालेले पेशंट अभ्यासले, त्यात नर्समागे एकेक पेशंट वाढला तसा 30 दिवसांत मृत्यू होण्याचा संभव साधारण 7 टक्क्यांनी वाढलेला दिसला. म्हणजे नर्स जास्त मागणं हे आपल्या आरामासाठी नाही, पेशंटसाठी आहे, आणि ते दिवसाउजेडी मीटिंगमध्ये मोठ्याने बोललं पाहिजे.

रात्री मात्र फोन केल्याची वेळ आणि मिळालेलं उत्तर चार्टवर लिही. उत्तर पटलं नाही तर इन्चार्ज सिस्टरना सांग, मग वरच्या डॉक्टरांना फोन. आणि कुणीतरी येऊन बघेपर्यंत दर 15 मिनिटांनी पल्स, बीपी, श्वास परत मोजत राहा.